‘जरा थांब’ म्हणजे नक्की किती वेळ? शब्दाला शब्द धरणाऱ्या स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी

शब्दाला शब्द धरून चालणाऱ्या मुलासाठी मराठी ही सोपी भाषा नाही. घरातून निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली की ती ‘वाढली’ आणि दुकान बंद केलं की ते ‘वाढवलं’. ‘परवा’ होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही. आई ‘बघू’ म्हणाली तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘नाही’ असतो. बाकीची मुलं हे सगळं कधी उचलतात ते आपल्या लक्षातही येत नाही. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांपैकी अनेकांना मात्र ते कुणीतरी उलगडून सांगावं लागतं.

तुमचं मूल बोलतंय, स्वमग्नतेचं निदान नुकतंच झालंय किंवा तपासण्या चालू आहेत, आणि घरात रोज ‘हा मुद्दाम करतो’ विरुद्ध ‘नाही हो, त्याला कळत नाही’ असा वाद होतोय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी अशाच एका मुलाची आई आहे. मुलगा आता कॉलेजच्या वयाचा आहे. पुढे लिहिलेलं बरंचसं थेरपिस्टांकडून शिकलेलं, घरात वापरलेलं आणि इतर पालकांशी बोलताना पक्कं झालेलं आहे.

सुरुवात करण्याआधी

‘दुधाकडे लक्ष ठेव’ असं सांगितलं, आणि मूल गॅसजवळ उभं राहून दूध उतू जाताना शेवटपर्यंत बघत राहिलं. यात त्याने तुमचं ऐकलेलं आहे. तुम्ही सांगितलेलं काम त्याने पूर्ण केलं. ‘उतू जायला लागलं की गॅस बंद कर’ हे तुमच्या मनात होतं, वाक्यात नव्हतं. या लेखातली प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे: मूल तुमचं वाक्य ऐकतंय, म्हणून आधी वाक्य दुरुस्त करायचं. मुलाला शिकवायचं ते त्यानंतर.

ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला, तिथपासून स्वमग्नतेचा आधुनिक अभ्यास सुरू झाला असं मानतात. त्या लेखात डोनाल्ड नावाचा एक मुलगा आहे. वडील त्याला म्हणाले, ‘हो म्हणालास तर खांद्यावर घेईन.’ तो ‘हो’ म्हणायला शिकला, पण पुढे कित्येक महिने त्याच्या लेखी ‘हो’ या शब्दाचा अर्थ ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच होता. त्या घरात ‘हो’वरून किती गोंधळ उडाला असेल याची आपल्याला चांगलीच कल्पना येईल.

ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, असं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं. स्वमग्न माणसाला इतरांचं बोलणं जितकं कोड्यात टाकतं तितकंच इतरांनाही स्वमग्न माणसाचं मन वाचता येत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे सगळा दोष मुलाच्या माथी जात नाही.

आणखी एक. लहान वयात सगळीच मुलं थोडीफार शब्दशः घेतात. पाच वर्षांच्या मुलाला म्हण कळली नाही म्हणून घाबरून जाऊ नका. शब्दशः अर्थ घेणं म्हणजे स्वमग्नता नव्हे, आणि प्रत्येक स्वमग्न मूल असं असतंच असंही नाही. निदान हे विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचं काम आहे.

पहिली पायरी: काही दिवस नुसतं लिहून ठेवा

काहीही बदलायच्या आधी एक वही करा. कोण काय म्हणालं, मुलाने काय केलं, आणि म्हणणाऱ्याला खरं काय हवं होतं, एवढे तीन रकाने पुरेत. आजी-आजोबा, कामाला येणाऱ्या मावशी, रिक्षावाले काका यांचीही वाक्यं लिहा. थोड्याच दिवसांत दिसेल की गोंधळ सगळीकडे सारखा नाही. एखाद्या मुलाला म्हणी चालतात पण वेळेचे शब्द चालत नाहीत. एखादीला सूचना नीट कळतात, पण थट्टा अजिबात कळत नाही. कुठून सुरुवात करायची ते ही वही सांगेल. स्पीच थेरपिस्टकडे जाताना ती बरोबर न्या. अर्ध्या तासाच्या भेटीत मूल काही त्यांच्यासमोर दूध उतू घालणार नाही.

दुसरी पायरी: सूचना नीट करा

इथे वेळ द्या. घरातला सगळ्यात जास्त ताण इथेच हलका होतो.

प्रश्नाच्या रूपातली सूचना सोडून द्या. ‘मला पाणी देशील का?’ याचं उत्तर ‘हो’ आहे, आणि ‘हो’ म्हणून मूल बसून राहील. ‘मला पाणी आणून दे’ म्हणा. फोनवर कुणी ‘बाबा आहेत का रे?’ विचारलं की ‘आहेत’ म्हणून फोन ठेवणारी मुलं घरोघरी आहेत. त्यासाठी मुलाला वेगळं वाक्य शिकवावं लागतं: ‘बाबांना कुणी फोनवर विचारलं, तर “देतो” म्हणायचं आणि फोन बाबांच्या हातात द्यायचा.’

काय करू नको याच्याऐवजी काय कर ते सांगा. ‘पळू नकोस’ यात पळणं सोडून बाकी सगळ्याची मुभा आहे. उड्या मारत जाता येतं, रांगत जाता येतं. ‘माझा हात धरून चाल’ यात एकच गोष्ट आहे. ‘भिंतीला हात लावू नकोस’ म्हटल्यावर मूल पाय लावतं, आणि ते चुकलेलं नसतं. ‘भिंतीपासून लांब, या फरशीवर उभा राहा’ असं बोट दाखवून सांगा.

काम कुठे संपतं ते सांगा. ‘खोली आवर’ हे काम नसून एक मोठा ढीग आहे. ‘गाड्या निळ्या डब्यात, पुस्तकं कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मग मला हाक मार’ हे काम आहे. ‘थोडंसं तूप घे’ म्हणण्यापेक्षा ‘एक चमचा’. ‘नीट बस’ म्हणण्यापेक्षा ‘पाय खाली, पाठ खुर्चीला’. ‘शहाण्यासारखा वाग’ हे वाक्य तर काढूनच टाका. कार्यक्रमाला जाण्याआधी शहाणपणाचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो, आणि परत आल्यावर त्यावरूनच ओरडा बसतो.

सांगताना आधी नाव घ्या, थांबा, मग सूचना द्या. ‘चला, सगळ्यांनी हात धुवा’ यात आपण आहोत हे मुलाला कळेलच असं नाही. आणि सूचना दिल्यावर गप्प राहा. बरीच स्वमग्न मुलं ऐकलेलं समजून घ्यायला वेळ घेतात. मधेच तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगितलं की त्यांच्यासाठी ती दुसरी सूचना होते.

वेळेच्या शब्दांसाठी घरात घड्याळ, टायमर आणि भिंतीवरचं कॅलेंडर वापरा. ‘दोन मिनिटं थांब’ म्हणाल तर दोनच मिनिटं लागली पाहिजेत, नाहीतर ‘भाजीला फोडणी दिली की येते’ म्हणा. ‘जरा’, ‘थोड्या वेळाने’, ‘नंतर’, ‘मग बघू’ हे शब्द आपल्या जिभेवर इतके रुळलेत की पहिल्यांदा फार जड जातं. ‘परवा’च्या जागी ‘गुरुवारी’ म्हणा आणि कॅलेंडरच्या चौकोनावर बोट ठेवा. ‘नाही’ म्हणायचं असेल तर ‘नाही’ म्हणा. ‘बघू’ म्हटल्यावर मूल वाट बघत बसतं, आणि संध्याकाळी जो आक्रोश होतो तो हट्ट नसतो, त्याला दिलेला शब्द मोडलेला असतो. आणि बेत पावसावर किंवा ट्रेनवर अवलंबून असेल तर तेही आधी सांगा: ‘रविवारी सकाळी दहाला बागेत जायचं. दहा वाजता पाऊस असेल तर बागेत जायचं नाही, घरी पत्ते खेळायचे.’ दुसरा रस्ता आधी माहीत असला की पहिला बंद झाल्यावर मूल कोसळत नाही.

तिसरी पायरी: धमक्या आणि ‘गंमत’ बंद

या पायरीला घरातले सगळ्यात जास्त विरोध करतील. तरीही ही सोडू नका.

‘ऐकलं नाहीस तर पोलीस घेऊन जातील.’ ‘डॉक्टरकाकांना सांगून मोठ्ठं इंजेक्शन देते.’ ‘इथेच ठेवून जाते हं तुला.’ आपल्या घरांतून ही वाक्यं इतकी सहज जातात की बोलणारा दुसऱ्या मिनिटाला विसरतो. बाकीची मुलं आवाजावरून ओळखतात की आई काही खरंच सोडून जाणार नाही. शब्दशः घेणाऱ्या मुलाला वाक्य मिळतं आणि वाक्यात लिहिलंय की आई सोडून जाणार आहे. मग रात्री झोप न येणं, आई न्हाणीघरात गेली तरी दाराबाहेर रडणं, गणवेशातला वॉचमन दिसला तरी कापणं, याचं कारण कुणालाच सापडत नाही.

थट्टेचंही तेच. ‘तुला आम्ही बोहारणीकडून जुन्या साडीवर घेतलंय’ हा विनोद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मामा म्हणतो, ‘ही पिंकी मी माझ्या घरी घेऊन जाणार.’ शेजारच्या काकू म्हणतात, ‘तुझी आई मला दे बघू.’ सगळे हसतात. मूल मात्र पुढे कित्येक दिवस बोहारणीची हाक आली की पलंगाखाली शिरतं. मोठ्यांना हे समजावताना ‘त्याला वाईट वाटतं’ एवढं पुरत नाही. मी सांगते, ‘आजी, तुम्ही जे बोलता ते सगळं त्याला खरं वाटतं. तुमच्यावर तेवढा विश्वास आहे त्याचा.’ हे वाक्य आजी-आजोबांच्या काळजाला भिडतं, आणि पुढे तेच पाहुण्यांना थांबवतात.

शिक्षा द्यायचीच असेल तर जी खरोखर देणार आहात तीच सांगा, आणि देऊन संपवा.

खोटं बोलायला लावू नका. ‘सांग, बाबा घरी नाहीत’ असं मुलाला सांगितलं तर ते फोनवर सांगेल, ‘बाबा म्हणालेत की बाबा घरी नाहीत.’ पाहुण्यांसमोर मूल खरं बोललं म्हणून त्याला ओरडू नका. घरात त्यांच्याबद्दल काय बोलतो ते आपण आवरायचं.

चौथी पायरी: ‘खरं की गंमत?’

मुलाला एकच कौशल्य शिकवायला वेळ असेल तर हे शिकवा. एखादं वाक्य विचित्र वाटलं, भीती वाटली, सगळे हसले आणि आपल्याला कळलं नाही, की विचारायचं: ‘खरं की गंमत?’ दुसरा प्रश्न: ‘म्हणजे काय?’

घरातल्या सगळ्यांनी एक करार करा. हे दोन प्रश्न कुणीही, कितीही वेळा विचारले तरी सरळ उत्तर मिळेल आणि हसणार कुणी नाही. ‘गंमत. पिंकी मामाकडे जाणार नाही. पिंकी आपल्याच घरी राहणार.’ एवढंच. सुरुवातीला तुम्हीच घरात मोठ्याने विचारा. बाबा काही बोलले की आई विचारेल, ‘खरं की गंमत?’ मूल बघून शिकेल. जे मूल बोलायला अडतं त्याच्यासाठी दोन रंगांची कार्डं ठेवा, ती दाखवली तरी प्रश्न पोचतो.

पाचवी पायरी: आता भाषेची श्रीमंती

आपण सरळ बोलायला लागलो म्हणून मुलाला कायम सरळ मराठीतच ठेवायचं नाही. शाळा, मित्र, नातेवाईक वळणावळणानेच बोलणार. म्हणींचा आणि वाक्प्रचारांचा वाटा त्यालाही मिळाला पाहिजे, फक्त परकी भाषा शिकवतात तसा, एकेक करून.

ब्रिटनमधल्या कोर्टनी नॉर्बरी यांनी रूपकं समजण्यावर केलेल्या अभ्यासात (२००५) असं दिसलं की मुलाचा शब्दसंग्रह आणि अर्थांची समज किती पक्की आहे यावर बरंच अवलंबून असतं, नुसत्या स्वमग्नतेच्या निदानावर नाही. म्हणजे भाषा वाढवली की हेही वाढतं. हे ऐकल्यावर मला फार बळ आलं होतं.

पद्धत साधी आहे. एक वही करा, डाव्या पानावर वाक्प्रचार आणि त्याचं शब्दशः चित्र, उजव्या पानावर खरा अर्थ आणि तो कोण, कधी म्हणतं. ‘पोटात कावळे ओरडतात’: डावीकडे पोटात कावळे काढा, मूल खुशीने काढेल. उजवीकडे ‘खूप भूक लागली. दादा शाळेतून आला की म्हणतो.’ आठवड्याला एक-दोन पुरे. निवडताना पाठ्यपुस्तकातले आधी घेऊ नका. तुमच्या घरात जे खरंच बोलले जातात ते घ्या: डोळा लागला, डोकं खाऊ नको, तोंड सांभाळ, पाठ सोड, हात चालव, लाईट गेली, बस चुकली. शरीराचे अवयव असलेले आधी, कारण तेच जास्त घाबरवतात. ‘खाणे’ हे एक क्रियापद घेतलं तरी महिनाभर पुरेल. माणसं मार खातात, हवा खातात, शपथ खातात, पैसे खातात, भाव खातात. पुष्कळ स्वमग्न मुलांना अशा जोड्या लावायला मनापासून आवडतं आणि शब्दांच्या कोट्या करण्यात ती नंतर भल्याभल्यांना मागे टाकतात.

प्रसंगांसाठी सामाजिक गोष्टी लिहा. अमेरिकेतल्या कॅरल ग्रे या शिक्षिकेने १९९० च्या आसपास ही पद्धत विकसित केली. छोटी, खरी, मुलाच्या बाजूने सांगितलेली गोष्ट असते. माहिती देणारी वाक्यं जास्त, काय करावं हे सांगणारं एखाद-दुसरं. आपल्याकडच्या आग्रहावर अशी गोष्ट लिहिता येईल:

‘आमच्याकडे कधी कधी पाहुणे येतात. आई त्यांना विचारते, “चहा घेणार?” पुष्कळ पाहुणे आधी “नको” म्हणतात. आई पुन्हा विचारते. मग काही पाहुणे “बरं, अर्धा कप” म्हणतात. याला आग्रह म्हणतात. मोठ्या माणसांना तो आवडतो. मला कुणी विचारलं तर मी मला हवं ते सांगू शकतो. हवं असेल तर “हो” आणि नको असेल तर “नको, थँक्यू”. मी दोनदा “नको” म्हटल्यावर आई पाहुण्यांना सांगेल की याला खरंच नकोय.’

शेवटच्या वाक्यातलं वचन पाळायची जबाबदारी तुमची.

मराठी की इंग्रजी, हा प्रश्न इथे हमखास येतो. ‘एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला’ असा सल्ला पालकांना अजूनही मिळतो, परदेशातल्या मराठी घरांना तर सर्रास. आजवरच्या संशोधनात दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाचं नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही. आईने ज्या भाषेत प्रेमाने आणि सहज बोलता येतं त्या भाषेत बोलावं. तुटक, उसन्या इंग्रजीत दोघांचंही नुकसान होतं.

सहावी पायरी: दवाखाना आणि मृत्यू

दवाखान्यात ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ म्हणू नका, मूल मुंगी शोधेल. ‘डॉक्टर हाताला सुई टोचतील. मी पाच म्हणेपर्यंत दुखेल. मग सुई बाहेर काढतील आणि कापूस लावतील.’ रक्ततपासणीला ‘रक्त काढणार’ म्हटलं तर सगळंच काढणार असं वाटू शकतं. लहानशी नळी आणि चमचाभर रक्त, बाकीचं सगळं अंगातच राहणार, असं सांगा. डॉक्टरांनाही आधी सांगून ठेवा. ‘दुखतंय का?’ विचारल्यावर त्या क्षणी दुखत नसेल तर मूल ‘नाही’ म्हणेल, मग सकाळभर पोट धरून बसलेलं का असेना. ‘आज सकाळी उठल्यापासून कधी दुखलं? कुठे, बोट ठेव’ असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

घरात कुणी गेलं तर ‘देवाघरी गेले’, ‘झोपले’, ‘तारा झाले’, ‘दूर गावाला गेले’ यातलं काहीही सांगू नका. गावाला गेलेला माणूस परत येतो. झोपलेला उठतो, आणि ‘आजोबा झोपले’ ऐकलेलं मूल स्वतः झोपायला घाबरू शकतं. ‘आजोबा वारले. म्हणजे त्यांचं शरीर चालायचं बंद झालं. ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत. आपल्याला रडू येईल, ते चालतं.’ हे बोलताना घसा दाटून येतो. तरी हेच बोला. आलेल्या नातेवाइकांनाही दारातच सांगायला एखाद्या मावशीला किंवा आत्याला नेमून ठेवा, कारण त्या दिवशी प्रत्येक जण मुलाला जवळ घेऊन वेगवेगळं काहीतरी सांगतो.

सातवी पायरी: शाळेशी बोलणं

शाळा सुरू होण्याआधी वर्गशिक्षिकेला एक पानभर पत्र द्या, लांबलचक अहवाल नको. त्यात तुमच्या वहीतली चार-पाच खरी उदाहरणं आणि प्रत्येकासमोर उपाय. ‘“हाताची घडी, तोंडावर बोट” म्हटल्यावर तो सुटायची सूचना मिळेपर्यंत तसाच बसतो, कृपया “आता हात सोडा” असं म्हणा.’ ‘“सगळ्यांनी वह्या काढा” म्हटल्यावर कृपया त्याचं नाव घ्या.’ ‘“परत बोललास तर वर्गाबाहेर काढीन” म्हटल्यावर तो प्रश्नाचं उत्तरही देत नाही.’ अशा पत्राचा शिक्षकांना राग येत नाही. काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं.

अभ्यासात मराठीचा पेपर अवघड जातो तो काही ठरावीक ठिकाणी. वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग, कवितेचं रसग्रहण, कल्पनाविस्तार. ‘पेनाचे आत्मवृत्त’ लिहायला सांगितलं तर मूल ‘मी पेन नाही’ म्हणून कोरं पान देतं. इथे सांगाड्याने मदत होते: पेन कुठे बनलं, कुणी विकत घेतलं, काय लिहिलं, शाई संपली तेव्हा काय झालं, आता यातलं प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू करून लिही. गणितात उलट गंमत असते. आकडेमोड येते, पण शाब्दिक उदाहरणातल्या ‘किती उरले’ने अडतं. प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा सांगण्याची परवानगी शाळेकडे मागा.

हक्कांबद्दल थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व नोंदलं गेलं तर बहुतेक सवलती लागू होतात. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारी) आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे. दहावी-बारावीला ज्यादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, पण अर्ज शाळेमार्फत आणि वेळेत जावा लागतो. नववीतच मुख्याध्यापकांशी बोला.

आठवी पायरी: सुरक्षितता

आपल्याकडे प्रत्येक अनोळखी पुरुष ‘काका’ आणि प्रत्येक बाई ‘मावशी’ किंवा ‘काकू’ असते. शब्दाला शब्द धरणाऱ्या मुलासाठी हे धोक्याचं आहे, दोन्ही बाजूंनी. ‘काकांबरोबर जायला हरकत नाही’ हे शिकलेलं मूल कुठल्याही काकांबरोबर जाईल. ‘कुठल्याही काकांबरोबर जायचं नाही’ हे शिकलेलं मूल सख्खा काका शाळेच्या दारात घ्यायला आला तरी हलणार नाही. म्हणून नियम नावांनी करा. चार-पाच जणांचे फोटो, नावं, दप्तराच्या आतल्या कप्प्यात. ‘या फोटोतल्या माणसांबरोबरच शाळेतून घरी यायचं. दुसरं कुणी आलं तर बाईंच्या शेजारी उभं राहायचं आणि आईला फोन करायला सांगायचं.’ घरातला परवलीचा शब्द ठरवलात तर आणखी बरं.

प्रत्येक नियमाबरोबर त्याचा अपवादही आधीच सांगा. ‘मी सांगेपर्यंत इथून हलायचं नाही’ असं म्हणून तुम्ही आत गेलात आणि तिथे आग लागली, तर मूल हलणार नाही. ‘आग, धूर, पाणी शिरलं किंवा कुणी मारायला आलं तर नियम मोडायचा आणि माणसं असतील तिकडे जायचं.’ शरीराच्या बाबतीत आडवळणाचे शब्द नकोत. अवयवांची खरी नावं शिकवा, कुठे कुणी हात लावायचा नाही ते थेट सांगा, आणि डॉक्टर तपासतात किंवा आई आंघोळ घालते हे अपवादही त्याच वेळी सांगा. ‘आपलं गुपित, कुणाला सांगायचं नाही’ असं कुणी म्हणालं तर मूल ते गुपित पाळेल, कारण शब्द दिलाय. तेव्हा वेगळा नियम हवा: ‘शरीराबद्दलचं कुठलंही गुपित आईला सांगायचंच.’

वाढत्या वयात धोका वर्गातल्या मुलांकडून येतो. ‘जा, त्या मॅडमना जाऊन असं म्हण, त्या खूश होतील’ असं सांगून ही मुलं पुढे ढकलली जातात आणि शिक्षा त्यांनाच होते. टोमणाही कळत नाही. ‘काय हुशार आहेस रे!’ याला मूल मनापासून ‘थँक्यू’ म्हणतं. रोज रात्री ‘आज कुणी तुला काही करायला सांगितलं का? नेमकं काय म्हणालं?’ हा प्रश्न विचारायची सवय लावा. ‘शाळेत कसं झालं?’ याचं उत्तर ‘बरं’ एवढंच येतं.

मोबाइल हातात आला की पुन्हा सगळं नव्याने शिकवावं लागतं. ‘आज रात्री तुमचं वीज कनेक्शन तोडलं जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आपण पुसून टाकतो. शब्दशः घेणारा तरुण फोन करतो, सांगितलेलं अ‍ॅप उतरवतो आणि ओटीपीही देतो. ऑनलाइन ‘फ्रेंड’ म्हणजे मित्र असं धरून चालतो. इथे समजावण्यापेक्षा लेखी नियम जास्त चालतो, फोनच्या कव्हरच्या आत चिकटवलेला: ‘पैसे, बँक, वीज, पोलीस, बक्षीस यांचा मेसेज किंवा फोन आला तर मी काहीही दाबणार नाही. मी फोन बंद करून आई किंवा दादाला दाखवीन. ते दोघं भेटले नाहीत तर ते भेटेपर्यंत थांबेन. समोरचा रागावला तरी थांबेन.’ शेवटचं वाक्य विसरू नका, कारण फसवणारा माणूस घाईच करतो, आणि आपल्या मुलांना मोठ्यांच्या रागापुढे टिकणं जड जातं. नियम लावल्यावर दुसऱ्या नंबरवरून तुम्हीच एखादा खोटा मेसेज पाठवून सराव घ्या. सराव आहे हे मुलाला त्या आठवड्यात आधी सांगून ठेवा.